जुनी अ‍ॅडव्हेंचर बाइक: एबीएससाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच मॉडेलच्या दोन जुन्या अ‍ॅडव्हेंचर बाइक समोर आहेत. एक आधीच्या सालातली, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरू न देणारी यंत्रणा) नसलेली, पण कमी चाललेली आणि जपून ठेवलेली. दुसरी नंतरची, एबीएसवाली, जास्त चाललेली आणि तरीही महाग. विचारणाऱ्याचं बरंचसं चालवणं डांबरावर, सामान लादून, अधूनमधून मागे कोणीतरी बसलेलं. वर्षातून काही वेळा कच्चा रस्ता, खडी, चढउतार. आणि बरोबरच्या जुन्या मंडळींनी सांगितलंय की कच्च्या रस्त्यावर एबीएस घात करतं, चांगल्या चालवणाऱ्याला ते लागतच नाही. मग जास्तीचे पैसे कशासाठी घालवायचे?

आधी उत्तर देतो. तुम्ही सांगितलेल्या वापरासाठी एबीएसवाली घ्या, पण दोन गोष्टी तपासून. पहिली, ते एबीएस खरोखर काम करतंय का. दुसरी, कच्च्या रस्त्यावर निदान मागच्या चाकापुरतं तरी ते बंद करता येतं का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर सौदा उलटा फिरतो आणि मी तुम्हाला साधी, एबीएस नसलेली बाइकच घ्यायला सांगेन. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर तुमचा कच्चा रस्ता किती आणि कसला, यावर ठरेल.

मी बाइक चालवायला शिकवतो, त्यातही ब्रेकिंग आणि कच्च्या रस्त्यावरचं चालवणं जास्त, आणि शिकायला आलेल्यांसाठी जुन्या बाइक तपासायलाही जातो. त्या कामात एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. लोक विचारतात ‘एबीएस चांगलं की वाईट?’, पण ठरवायचं असतं वेगळंच: तुम्हाला न ठरवता, अचानक, जिवाच्या आकांताने ब्रेक लावायची वेळ कुठे येणार आहे? कच्च्या उतारावर तुम्ही आधीच सावध असता. वेग कमी असतो, नजर वाटेवर असते, बोटं लिव्हरवर असतात. तिथला ब्रेक बहुतेक वेळा ठरवून लावलेला असतो. डांबरावर तसं नसतं. दिवसभर चालवून थकलेले आहात, पावसाची सर येऊन गेलीय, वेग ८० आहे आणि बाजूच्या रस्त्यावरून एक गाडी थेट समोर येते. एबीएस आहे ते या क्षणासाठी, आणि तुमच्या वापरात हा क्षण डांबरावरच येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

या क्षणी काय होतं ते नीट समजून घ्या. टायर सगळ्यात जास्त पकड देतो तो पूर्ण मोकळा फिरताना नाही आणि पूर्ण थांबल्यावरही नाही. बाइकच्या वेगापेक्षा चाक साधारण १० ते २० टक्क्यांनी मागे पडलेलं असतं तेव्हा. त्यापुढे गेलं की चाक लॉक होतं. मागचं लॉक झालं तर बाइक शेपूट हलवते, सरळ रेषेत असाल तर बहुतेकांना ते सावरता येतं. पुढचं लॉक झालं की गोष्ट संपल्यात जमा. दुचाकीचा तोल पुढच्या चाकाच्या बारीक बारीक वळण्यावर टिकलेला असतो आणि लॉक झालेलं चाक दिशा देऊ शकत नाही. सेकंदाच्या आत बाइक आडवी होते. विचार करून लिव्हर सोडायला तेवढा वेळ पुरत नाही.

त्यात घाबरलेला हात ब्रेक दाबत नाही, तो झडप घालतो. बाइकचं वजन पुढे सरकायला, पुढचं सस्पेन्शन दबायला आणि टायर रस्त्यावर नीट रुतायला क्षणभर लागतो. झडप घातली तर हे सगळं व्हायच्या आधीच पूर्ण दाब पोहोचतो, आणि कोरड्या डांबरावरसुद्धा पुढचं चाक लॉक होऊ शकतं. एबीएस नेमकं इथे मधे पडतं. चाकाजवळचा सेन्सर दातेरी रिंगवरून वेग मोजत असतो. चाक एकदम मंदावलं की ब्रेकचा दाब कमीजास्त करणाऱ्या मॉड्युलेटरमधली एक झडप (व्हॉल्व्ह) लिव्हरकडून येणारा दाब अडवते, दुसरी कॅलिपरमधला (चाकाच्या डिस्कला पॅडने पकडणाऱ्या भागातला) दाब थोडा सोडते, चाक पुन्हा फिरायला लागतं, आणि दाब परत चढतो. सेकंदात कित्येकदा. लिव्हरला किंवा पेडलला जाणवणारी थरथर तीच.

पण शिकवताना मला जी अडचण जास्त दिसते ती चाक लॉक होण्याची नाहीच. एबीएस नसलेल्या बाइकवर बहुतेक लोक लॉक होईल या भीतीने ब्रेक कमी लावतात. हे किती महागात पडतं ते साध्या गणितातून पाहा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. चांगल्या डांबरावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट मंदन (वेग उतरण्याचा दर) मिळवलं, तर ब्रेक पकडल्यापासून बाइक साधारण ३१ ते ३२ मीटरमध्ये थांबते. भीतीने हात राखून ०.६ पटच मिळवलं तर लागतात ४२ मीटर. १० मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटेल. पण पहिली बाइक जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी अजून ताशी ४० किलोमीटरने चाललेली असते. एबीएसमुळे माणसाला लिव्हर पूर्ण दाबायचा धीर येतो, आणि माझ्या मते सामान्य चालवणाऱ्यासाठी त्याचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

‘चांगल्या चालवणाऱ्याला लागत नाही’ या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. कोरडा रस्ता, ओळखीची बाइक, ठरलेली खूण, तयार असलेला माणूस: अशा वेळी कसलेला हात एबीएसच्या बरोबरीने थांबवतो, कधी त्याहून कमी अंतरातही. पण संकट खूण करून येत नाही. शिवाय अ‍ॅडव्हेंचर बाइक रोज एकसारखी राहत नाही. आज रिकामी, उद्या दोन्ही बाजूंना पेट्या आणि मागे माणूस. सस्पेन्शनचा प्रवास लांब, त्यामुळे ब्रेक लावताच नाक खाली जातं आणि मागचं चाक हलकं होतं. त्यावर खोल गोट्यांचे टायर घातले असतील तर ओल्या डांबरावर पकड आणखी कमी. लॉक कुठे होईल याचा अंदाज रोज बदलतो आणि तो दर वेळी अचूक बांधणारा हात मी तरी फार क्वचित पाहिलाय.

आकडे हवेच असतील तर अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या बाइकची तुलना केली आहे. २०१३च्या अभ्यासात एबीएस असलेल्यांचं जीवघेण्या अपघातांचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळलं, नंतरच्या अभ्यासात २२ टक्क्यांनी. पैसे देऊन एबीएस घेणारा माणूस मुळातच थोडा सावध असेल, ही शंका रास्त आहे आणि त्याचा काही वाटा या आकड्यांत असणारच. पण तो वजा केला तरी उरतं ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

आता तुमच्या मित्रांच्या मुद्द्याकडे येतो, कारण कच्च्या रस्त्याबद्दल ते चुकीचं बोलत नाहीयेत. सुट्या खडीवर, भुसभुशीत मातीवर, वाळूत लॉक झालेलं चाक खाली रुततं आणि आपल्यापुढे मातीचा ढीग साठवतं. तो ढीगच बाइक थांबवतो. एबीएस चाकाला लॉक होऊच देत नाही, म्हणून थांबायचं अंतर वाढतं. सपाट रस्त्यावर हे चालून जातं. उभ्या, सुट्या उतारावर मात्र भयंकर अनुभव येतो: पेडल थरथरतं, लिव्हर थरथरतो आणि बाइकचा वेग उतरतच नाही. ब्रेक गेले असंच वाटतं. लाटालाटांच्या रस्त्यावर आणखी एक भानगड होते. चाक उडून क्षणभर हवेत राहतं, ब्रेकमुळे तिथे पटकन मंदावतं, यंत्रणेला वाटतं घसरलं आणि ती दाब सोडून देते. जुन्या पिढीच्या एबीएसमध्ये हे जास्त होतं. डांबरावरच्या खड्ड्याच्या कडेवरही क्षणभर ‘ब्रेक सुटला’ असं वाटू शकतं.

म्हणून मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येणं मी इतकं महत्त्वाचं मानतो. उतारावर मागचं चाक लॉक करून बाइक धरून ठेवायची असते, कधी मुद्दाम घसरवून वळवायची असते. पुढच्या चाकाचं मात्र कच्च्यावरही चालू राहिलेलं बहुतेकांच्या हिताचं असतं, कारण खडीवर पुढचं लॉक झालं तर पडणं ठरलेलंच. चांगल्या ऑफ-रोड मोडमध्ये मागचं पूर्ण बंद होतं आणि पुढचं उशिरा मधे पडतं. ही मांडणी पटण्यासारखी आहे.

ही सोय मॉडेलनुसारच नाही, सालानुसारही बदलते, त्यामुळे ‘या बाइकला एबीएस आहे’ एवढ्यावर थांबू नका. रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन २०१६ मध्ये आली ती एबीएसविना. २०१८ मध्ये दोन्ही चाकांना एबीएस आलं पण बंद करता येत नव्हतं. मागचं बंद करायची सोय २०२० मध्ये आली. होंडाच्या १००० सीसी आफ्रिका ट्विनला २०१६ पासून एबीएसच्या आवृत्तीत मागचं बंद करता येत होतं. यामाहा टेनेरे ७०० वर २०१९ पासून एबीएस बंद करायचं बटण आहे. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० ला एबीएस आहे पण बंद करायचा स्विच नाही, आणि म्हणून तिचे काही मालक कच्च्यावर फ्यूज काढतात. हीरो एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आली तेव्हा एबीएस फक्त पुढच्या चाकाला होतं. गंमत म्हणजे हलक्या वापरासाठी ती रचना वाईट नाही.

फ्यूज काढायच्या युक्तीबद्दल एवढंच सांगतो की काही बाइकमध्ये चाकाच्या त्याच सेन्सरवर स्पीडोमीटर आणि ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) अवलंबून असतात, आणि काढलेला फ्यूज परत डांबरावर येताना लावायचा राहून जातो. ज्याला बंद करता येत नाही असं एबीएस असेल आणि तुमचा कच्चा रस्ता सपाट, फारसा उभा नसलेला असेल, तर मी ते चालू ठेवूनच, वेग आणि अंतर सांभाळून चालवायला सांगेन. उभे उतार तुमच्या नेहमीच्या वाटेवर असतील तर त्या मॉडेलचा विचार सोडा. स्विच असलेल्यांनीही एक लक्षात ठेवा: बऱ्याच बाइकवर इग्निशन बंद केलं की एबीएस आपोआप पुन्हा चालू होतं. उताराच्या तोंडाशी थांबलात, बाइक बंद केली, परत सुरू केली, तर खाली उतरायच्या आधी दिवा बघा.

सालाचा दुसरा अर्थही आहे. मोटरसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा आलं १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यू के १०० वर. तिची यंत्रणाच सुमारे ११ किलोची होती. आजचं मॉड्युलेटर एका किलोच्या आत बसतं आणि कितीतरी झपाट्याने काम करतं. २००० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या बाइकवर सर्व्हो पंपाची (ब्रेकचा दाब विजेवर वाढवणाऱ्या पंपाची) मदत घेणारी एबीएस आली होती. इग्निशन लावताच ब्रेकचा पंप गुणगुणतो ती हीच. त्यांची देखभाल किचकट आणि दुरुस्ती महाग. कच्च्या रस्त्यासाठी बाइक शोधत असाल तर त्या पिढीपासून दूर राहा. युरोपात १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना २०१६ पासून आणि त्याच वर्गातल्या विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या बाइकना २०१७ पासून एबीएस सक्तीचं झालं, भारतात तेच एप्रिल २०१८ आणि एप्रिल २०१९ पासून. म्हणजे एबीएस नसलेली बाइक निवडताना तुम्ही बहुतेक वेळा जुनं वायरिंग, जुने रबरी होस आणि जुने सील्सही निवडत असता. ‘कमी चाललेली’ बाइक वर्षानुवर्षं नुसती उभी असेल तर ब्रेकच्या दृष्टीने ती जास्त चाललेल्या बाइकपेक्षा वाईट असू शकते. झुकलेल्या अवस्थेत ब्रेक सांभाळणारं कॉर्नरिंग एबीएस अ‍ॅडव्हेंचर बाइकवर आलं ते २०१४च्या सुमाराच्या केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरपासून. साधं एबीएस वळणात तेवढी राखण करत नाही, हे खरेदीनंतरही विसरू नका.

आता तपासणी. यात घाई करू नका, कारण बिघडलेलं एबीएस म्हणजे एबीएस नाहीच, वर एक खर्च उरावर.

सुरुवात मीटरवरच्या दिव्यापासून. इग्निशन लावल्यावर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे, आणि बाइक हलून थोडा वेग घेतल्यावरच विझला पाहिजे. चालू लागल्यावरही जळत किंवा लुकलुकत राहिला तर बिघाड आहे. तो मळलेल्या सेन्सरइतका क्षुल्लक असेल, दमलेल्या बॅटरीमुळे असेल किंवा मॉड्युलेटरइतका महागही असेल. मालक म्हणेल ‘फक्त सेन्सर आहे’. तसं असतं तर विकण्याआधी त्याने तो बदलला असता. दिवा मुळात लागतच नसेल तर जास्त सावध व्हा, कोणीतरी तो काढलाय. आणि जागेवरच, इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर विझत असेल तर त्याची तार दुसऱ्याच दिव्याला जोडलेली असू शकते. जमत असेल तर निदान यंत्र (बाइकमधले दोष वाचणारा स्कॅनर) लावून साठलेले दोषही वाचून घ्या.

मग खाली बसा आणि चाकं बघा. सेन्सरची रिंग वाकलेली, दाते मोडलेले, गंजाने फुगलेले आहेत का? दगड लागून हे होतं. सेन्सरची तार मूळ क्लिपमध्ये आहे की कुठेतरी टायने बांधलीय? हँडल उंच केलेलं असेल तर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचे होस आणि तारा ताणल्या जात नाहीत ना ते पाहा, ही जागा बहुतेक जण तपासतच नाहीत. पुढचं १९ इंची चाक काढून २१ इंची घातलं असेल तर विचारा की एबीएसचं काय केलं. दोन चाकांच्या वेगाचं ठरलेलं प्रमाण बिघडलं की यंत्रणा चुकीचे निष्कर्ष काढू शकते.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? दर दोन वर्षांनी बदलावं असा सर्वसाधारण नियम आहे. हे द्रव हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी मॉड्युलेटरच्या बारीक झडपांना आतून गंज आणतं. एबीएस नसलेल्या बाइकवर दुर्लक्ष केलं तर कॅलिपरचे सील बदलून भागतं, इथे सगळं मॉड्युलेटर बदलायची वेळ येऊ शकते, आणि जुन्या बाइकच्या किमतीच्या मानाने तो खर्च डोळे पांढरे करणारा असतो. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर मॉड्युलेटरमध्ये हवा अडकलेली असू शकते. काही मॉडेलवर ती काढायला निदान यंत्राने झडपा चालवाव्या लागतात.

शेवटी मालकाला सांगून प्रत्यक्ष चाचणी. सरळ, रिकामा, कोरडा रस्ता, वेग ३० ते ४०, आणि आधी फक्त मागचा ब्रेक जोरात. पेडल थरथरलं आणि चाक फरफटलं नाही तर मागचं चालतंय. फरफटलं तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि तेही सगळ्यात कमी धोक्यात. जी यंत्रणा दोन्ही चाकांना आहे तिचं मागचं नीट चालतंय आणि दिवाही नीट वागतोय, तर पुढच्याचा भरवसा बराच वाढतो. पुढच्यावर झडप घालून परीक्षा घेऊ नका. हळूहळू वाढवत दाबा, ब्रेक एकसारखा लागतो का, बाइक एका बाजूला ओढते का, डिस्क वाकल्यासारखं काही जाणवतं का, एवढंच बघा.

एबीएस नसलेली मी कधी सुचवतो? हलकी बाइक, निम्म्याहून जास्त चालवणं खऱ्या कच्च्यावर, निदान यंत्र मिळणार नाही अशा दूरच्या भागात लांबचे प्रवास, आणि ब्रेकचा नियमित सराव करणारा माणूस. या सगळ्या गोष्टी जुळत असतील तर साधे ब्रेक उत्तम, रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होतात. तुमचा वापर तसा नाही. तरीही एबीएसवाली बाइक तपासणीत नापास झाली तर एबीएस नसलेली घ्या, आणि वाचलेल्या पैशातून पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल, पॅड, गरज असेल तर होस आणि चांगले टायर घाला. मागाहून एबीएस बसवून घेऊ हा विचार मात्र मनात आणू नका, रस्त्यावरच्या जुन्या बाइकवर ते व्यवहार्य नाही.

एबीएसवाली घेतलीत तर सामान लादायच्या आधी एक काम करा. पहिल्यांदा थरथर जाणवल्यावर जवळजवळ प्रत्येकाचा हात आपोआप सैल पडतो. काहीतरी मोडलं असं वाटतं. आणि सैल पडला की एबीएसचा उपयोग तिथेच संपला. मोकळ्या जागी, कमी वेगापासून सुरू करून, आधी मागचा आणि मग पुढचा ब्रेक थरथर होईपर्यंत दाबून बाइक पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायचा सराव करा. मग कच्च्यावर जाऊन मागचं एबीएस बंद करा आणि चाक मुद्दाम लॉक करून ते कसं वागतं ते बघा. नंतर तेच चालू ठेवून, त्याच जागी, त्याच वेगाने. थांबायच्या अंतरातला फरक पावलांनी मोजा. तुमच्या टायरवर, तुमच्या वजनाला, खडीवर किती जास्त जागा सोडायची ते त्यावरून कळेल.